कव्हरखालची ओल

कोकणात ज्यांना सायकल बाहेर उघड्यावर ठेवावी लागते, त्यांना एक गोष्ट आधीच सांगते. वरून पडणाऱ्या पावसाने सायकल जेवढी खराब होते, त्याहून अधिक ती कव्हरखाली कोंडलेल्या ओलीने होते. कव्हर विकणारा फक्त पावसाबद्दल बोलतो. ओलीबद्दल दुकानात कोणी चकार शब्द काढत नाही, आणि गंज मात्र तिथूनच धरतो.

रत्नागिरीत आमच्या इमारतीत जिन्याखाली जागा नाही. घरात सायकली दोन. माझी जुन्या वळणाची, काळी, लोखंडी. मुलाची गिअरची, अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमची. माझी सायकल मागच्या भिंतीलगत पाण्याच्या पंपासाठी घातलेल्या पत्र्याच्या छपराखाली असते. छप्पर बाजूंनी उघडं, त्यामुळे झड आली की निम्मी सायकल भिजते. तिथे आणखी एका सायकलला जागा उरली नव्हती, म्हणून मुलाची सायकल अंगणात आणि तिच्यासाठी खास कव्हर. जाड कापड, आतून प्लास्टिकचा थर, खाली चारी बाजूंनी घट्ट इलॅस्टिक, पाकिटावर ‘शंभर टक्के वॉटरप्रूफ’ असं छापलेलं. दुकानदाराने वरून पाणी ओतून दाखवलं. थेंबभरही आत गेलं नाही.

त्या वर्षी मुलगा शिकायला कोल्हापूरला गेला आणि सायकल पावसाळाभर झाकलेलीच राहिली. गणपतीला तो घरी आला तेव्हा कव्हर काढलं. चेनच्या कड्या एकमेकींना धरून बसल्या होत्या. फ्रीव्हीलवर तांबूस थर, आऱ्यांच्या मुळाशी गंज, गिअरची तार आवरणात अडकलेली. हँडलच्या बोल्टभोवती अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी आली होती, सीटवर हिरवट बुरशी. कव्हरच्या आतल्या अंगाला हात लावला तर हात ओला झाला. पत्र्याखालची माझी सायकल रोजच्या वापरातली आणि तेलपाणी होणारी, तिच्याशी तुलना करायला नको. पण तिच्याच शेजारी खालच्या मजल्यावरच्यांची एक सायकल कित्येक महिने कोणी न हलवता उभी होती. तिचीसुद्धा अशी दशा झालेली नव्हती. ती उघडी होती आणि भिजत होती, तरीही.

सायकल दुरुस्त करणाऱ्या काकांनी चेन हातात घेतली आणि म्हणाले, “ताई, हे वरचं पाणी नाही, खालचं आहे. हिला वारा मिळाला नाही.” चेन, फ्रीव्हील आणि तारा नव्या घालाव्या लागल्या. मागच्या चाकातले छर्रेही गेले होते. कव्हरच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च झाला.

काकांच्या म्हणण्यामागचं कारण सरळ आहे. पावसाळ्यात आपल्याकडची हवा बाष्पाने जवळपास भरलेलीच असते. त्यात आमच्या अंगणात जांभ्याचे चिरे. जांभा सच्छिद्र दगड, तो पाणी पितो आणि दिवसेंदिवस सोडत राहतो. कव्हर खालून आवळलेलं असलं की जमिनीतून उठणारी वाफ आतच अडकते. रात्री कव्हरचं कापड आणि सायकलचं लोखंड गार पडतं, वाफेचं पाणी होतं आणि ते चेनवर, बोल्टवर, तारांच्या तोंडाशी उतरतं. सकाळी ऊन पडलं की त्याची पुन्हा वाफ, रात्री पुन्हा पाणी. शिवाय आपण समुद्रकाठचे. वाऱ्याबरोबर आलेलं मीठ धातूवर बसतं, हवेतली ओल ओढून धरतं आणि गंजाला वेग देतं. अ‍ॅल्युमिनियमला तांबडा गंज चढत नाही हे खरं, पण खाऱ्या हवेत त्याला बारीक खड्डे पडतात आणि ती पांढरी भुकटी येते. जिथे अ‍ॅल्युमिनियमला लोखंडी बोल्ट टेकतो, तिथे तर आधी येते. ‘अलॉयची सायकल, तिला काही होत नाही’ यावर विसंबू नका.

आपल्या शेतातलं इरलं आठवा. पाठीवरचं पाणी ते वरच्यावर उतरवतं, पण खालून सगळं उघडं असतं, म्हणून ते पांघरून दिवसभर लावणी करता येते. सायकलचं कव्हर त्या जातीचं हवं.

म्हणून कव्हर हातात घेतलं की आधी वारा कुठून खेळेल ते पाहा. दोन्ही टोकांना, हँडलच्या आणि कॅरिअरच्या बाजूला, झडपेखाली जाळी लावलेली असावी. झडप अशी की पाऊस आत येणार नाही, हवा जाईल. खालची कड जमिनीवर लोळता कामा नये. जमिनीपासून वीतभर वर राहिली तर उत्तम. चाकांचा खालचा भाग थोडा भिजेल, त्याने काही बिघडत नाही. टायर भिजण्यासाठीच असतात. इलॅस्टिक फक्त पुढच्या-मागच्या टोकांना असावं. सगळीकडून आवळणारं कव्हर कोकणात घेऊ नका, मग ते कितीही महाग असो.

कापडाबद्दल दुकानात दोन आकडे कानावर येतात. ‘२१०डी’, ‘३००डी’, ‘६००डी’ यातला डी म्हणजे डेनिअर. ९००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितके त्याचे डेनिअर. आकडा मोठा म्हणजे धागा जाड, कापड फाटायला चिवट. ‘१९०टी’ हा मात्र वेगळा हिशेब, तो विणीच्या दाटपणाचा. ते कापड बहुधा अगदी पातळ असतं आणि वाऱ्यात फडफडून एका मोसमात त्याच्या चिंध्या होऊ शकतात. पण या दोन्ही आकड्यांचा पाणी अडण्याशी थेट संबंध नाही. ६००डीचं कापडही वरचा थर हलका असेल तर झिरपतं. पाणी अडवतो तो थर, आणि त्याचं माप मिलिमीटरमध्ये सांगतात: कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला तरी पलीकडे थेंब येत नाही, ते. चांगल्या तंबूच्या छपराचं कापड साधारण १५०० ते ३००० मिलिमीटरचं असतं. सायकलला त्याहून जास्त नको, पण पाकिटावर नुसतं ‘वॉटरप्रूफ’ आणि पुढे आकडाच नसेल, तर स्वतः पाहून घ्यावं.

पाहण्याच्या दोन रीती मी आता सोडत नाही. पहिली दुकानातच होते. कव्हर दिव्यासमोर किंवा उन्हासमोर धरायचं आणि शिवणींवर नजर फिरवायची. सुईच्या भोकांतून उजेड टोचत असेल तर तिथूनच पाणी येणार. बरी कव्हरं आतून शिवणीवर टेप चिकटवून बंद केलेली असतात; निदान सीटवरून जाणारी मधली शिवण तरी टेप लावलेली हवी. सर्वांत उत्तम ते कव्हर, ज्याच्या माथ्यावर शिवणच नाही. दुसरी रीत घरी. कव्हरचा थोडा भाग खळग्यासारखा करून परातीवर धरायचा, त्यात तांब्याभर पाणी ओतायचं, खाली वर्तमानपत्र पसरायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. दुकानदार ओतून दाखवतो ते पाणी लगेच ओघळून जातं, त्यातून काहीच कळत नाही. सकाळी कागद कोरडा असेल तरच कव्हर ठेवायचं, नाहीतर बिलासकट परत.

आतल्या थराची जात विचारून घ्या. बहुतेक पॉलिएस्टर कव्हरांना पॉलियुरेथेनचा थर असतो. तो हलका आणि मऊ असतो, पण उष्ण दमट हवेत घडी करून ठेवला तर काही वर्षांत चिकट होतो, वास मारतो आणि पापुद्रे सुटतात. पीव्हीसीचा थर पाणी पक्कं अडवतो, पण वाफही तितकीच पक्की कोंडतो आणि उन्हाने कडक होऊन मोडतो. मी जाळीच्या झडपा असलेलं पॉलियुरेथेनचं कव्हर वापरते. पीव्हीसीच घ्यायचं असेल तर खालून पूर्ण मोकळं घ्या.

माप हा पुढचा प्रश्न. मोठ्या माणसाची सायकल साधारण पावणेदोन मीटर किंवा थोडी अधिक लांब भरते. जुन्या सायकलचं हँडल अरुंद. डोंगरी धाटणीच्या नव्या सायकलींचं ७० सेंटिमीटरच्या पुढे जातं. कव्हर बहुतेकदा तिथेच कमी पडतं, म्हणून लांबीपेक्षा हँडल आधी मोजा. मागे मुलाची सीट किंवा पुढे टोपली असेल तर तीही धरा. तंग कव्हर ब्रेकच्या मुठींवर आणि पेडलवर ताणून फाटतं. मी मुठींच्या टोकांना जुने मोजे बांधते.

आता एक गोष्ट, जी कोणत्याही पाकिटावर लिहिलेली नसते. सीट आणि हँडल यांच्यामध्ये कव्हर खाली झुकतं आणि तिथे पाण्याचं तळं होतं. त्या वजनाने कापड ताणतं, शिवणी उघडतात आणि चांगलं कव्हरही गळायला लागतं. उपाय फुकटातला आहे. बांबूची एक चिवटी किंवा अर्ध्या इंची पाइपचा तुकडा हँडलपासून सीटपर्यंत सुतळीने बांधा, हँडलकडची बाजू किंचित उंच ठेवून. कव्हरला आढं मिळतं, पाणी दोन्ही अंगांनी उतरतं आणि आतमध्ये हवेला पोकळी राहते. ज्यांच्याकडे कव्हर आधीच आहे आणि बदलायची ऐपत नाही, त्यांनी निदान एवढं करावं. खालचं इलॅस्टिक मधून उसवून टाकावं म्हणजे झालं.

जमिनीची ओल तोडणंही तितकंच महत्त्वाचं. माती, चिरे किंवा ओलं काँक्रीट यावर सायकल थेट ठेवू नका. खाली जाड प्लास्टिकचा कागद किंवा जुनं रबरी पायपुसणं अंथरा आणि त्यावर फळी. कागदाला थोडा उतार द्या, नाहीतर त्याच्यावरच पाणी साचेल. ओली सायकल तर कधीच झाकू नये. पावसातून आल्यावर आधी साध्या पाण्याने मीठ आणि चिखल धुवा, फडक्याने पुसा, चेनला तेल द्या, अर्धा तास वाऱ्याला ठेवा आणि मग कव्हर घाला. पावसाने उघडीप दिली की कव्हर काढून दोन-तीन तास सायकल मोकळी सोडा. घरात वापरणारं कोणी नसेल तर हे काम शेजारच्या मुलाला सांगा आणि बदल्यात त्याला सायकल चालवू द्या. चेन फिरती राहिली की तेल सगळीकडे पोचतं.

वाऱ्याची गोष्ट मी हलकी घेत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, पुढच्या मे महिन्यात तौक्ते आपल्या किनाऱ्यालगत गेलं. ज्यांनी ते वारे पाहिले त्यांना सांगायला नको. एरवीच्या पावसाळी वाऱ्यातही कव्हर शीड होऊन सायकल आडवी पाडतं, आणि फडफडणारं कापड धुळीसकट फ्रेमचा रंग घासतं. म्हणून पोटाखालून जाणारा बकलचा पट्टा हवाच. पुढच्या चाकापाशी धातूची दोन भोकं असावीत, ज्यांतून साखळी-कुलूप घालून कव्हर, चाक आणि भिंतीतला हूक एकत्र बांधता येतील. वादळाचा इशारा मिळाला तर मात्र कव्हर काढा, सायकल घरात घ्या. घरात जागाच नसेल तर ती भिंतीच्या आडोशाला आडवी निजवून बांधा.

घाटावर हिशेब बदलतो. पुण्यात माझा भाऊ सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये सायकल ठेवतो. पुण्याचा पाऊस वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर, रत्नागिरीचा ३००० हून अधिक. तिथे खरा शत्रू ऊन आणि धूळ. उन्हाने टायरच्या बाजू तडकतात, सीटचं रेक्झिन फाटतं, मुठी चिकट होतात. तिथे ३००डीचं, चंदेरी बाजू वर असलेलं, अतिनील किरणांना टिकणारं कापड पुरतं. टेपच्या शिवणीवर जास्त पैसे घालायची गरज नाही. मुंबईत समुद्राकडे तोंड असलेल्या गॅलरीत पाऊस कमी लागला तरी मीठ येतंच. त्यांनी कोकणाचा नियम पाळावा.

आणि जर तुमच्याकडे एक भिंत आणि दोन खांब रोवण्याइतकी जागा असेल, तर कव्हर घेऊच नका असं माझं स्पष्ट मत आहे. मे महिन्यात बाजारात ताडपत्री येते. ती जीएसएमवर, म्हणजे चौरस मीटरच्या वजनावर विकली जाते. २०० च्या पुढची, ऊन सोसणारी घ्या आणि भिंतीपासून पुढे उतरतं छप्पर बांधा. ज्या बाजूने झड येते तेवढीच बाजू झापाने किंवा ताडपत्रीच्याच तुकड्याने अडवा, बाकी उघडं ठेवा. आमच्याकडे मुलाची सायकल आता अशीच उभी असते आणि कव्हर फक्त सीट-हँडलवरून टाकलेलं असतं.

कव्हर वापरतच असाल तर पावसाळा संपल्यावर ते धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून, गुंडाळी करून ठेवा. घडीच्या रेषेवर थर आधी तुटतो. गुंडाळी उंदरांच्या हाती लागणार नाही अशी टांगा. मे महिन्यात काढताना आतून बोट फिरवा. बोटाला चिकट लागलं किंवा पांढरे पापुद्रे हाताला आले, तर ते कव्हर संपलं. त्याचा पायपुसणं म्हणून सायकलखाली उपयोग करा आणि पाऊस सुरू होण्याआधी नवं आणा, कारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दुकानात उरतात ती नुसती आवळ इलॅस्टिकवाली.