न पोहोंचलेलें पत्र व नांवाचा शोध

संगणकावरून धाडलेलें पत्र पोहोंचलें नाहीं, म्हणजे आपण लागलीच टपाल वाहणाऱ्या यंत्रास, म्हणजे मेल सर्व्हरास, दोष देतों. पुष्कळदां तें यंत्र निर्दोष असतें. चूक असते ती नांवावरून पत्ता शोधण्याच्या कामांत. शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीच्या अखेरच्या दिवशीं धाडणाऱ्या मुलास व त्याच्या पालकांस हा भेद ठाऊक असणें अगत्याचें आहे.

माणसें नांवांनीं ओळखतात, यंत्रें अंकांनीं. पूर्वीं अर्पानेट नामक जाळ्यांतील यंत्रांचीं नांवें व अंक एकाच यादींत असत, आणि ती यादी अमेरिकेंत स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट येथें ठेवीत. यंत्रें वाढलीं तशी ती यादी अपुरी पडली. तेव्हां १९८३ सालीं पॉल मोकापेट्रिस यांनीं डीएनएस ही अनेक ठिकाणीं वांटलेली नोंदवही योजिली.

समजा, पत्र एक्झाम्पल डॉट कॉम येथें जावयाचें आहे. धाडणारें यंत्र प्रथम विचारतें, 'या नांवाचें टपाल कोण स्वीकारतो?' याचें उत्तर एमएक्स नांवाच्या नोंदींत असतें. नोंदी अनेक असल्यास ज्या नोंदीचा अंक लहान, तिचा मान पहिला. मग दुसरा प्रश्न: 'त्या यंत्राचा आयपी पत्ता काय?' या प्रश्नांचीं उत्तरें चुकलीं, कीं पत्र अडलें.

दोष पुढील क्रमानें शोधावा.

पहिलें, परत आलेली सूचना नीट वाचावी. तींतील अंक ४ ने आरंभ होत असेल तर अडचण तात्पुरती. यंत्र पत्र रांगेंत ठेवून पुनःपुन्हा यत्न करतें. ५ ने होत असेल तर नकार कायमचा. तसेंच 'असें नांवच नाहीं' आणि 'उत्तर मिळालें नाहीं' हीं दोन निराळीं दुखणीं आहेत. पहिल्यांत स्पेलिंग तपासावें. दुसऱ्यांत नांव बरोबर असून उत्तर देणारें यंत्रच बंद असूं शकतें.

दुसरें, 'डिग' किंवा 'एनएसलुकअप' या आज्ञेनें एमएक्स नोंद स्वतः विचारावी. आणि ती मेल सर्व्हरावरूनच विचारावी. घरच्या संगणकास मिळालेलें उत्तर सर्व्हरास मिळेलच असें नाहीं, कारण दोघे निरनिराळ्या ठिकाणीं चौकशी करीत असतात.

तिसरें, एमएक्स नोंदींत यंत्राचें खरें नांव असावें. अंक नसावा, टोपणनांवहि नसावें.

चौथें, उलट शोध पाहावा. पत्र घेणारीं कित्येक यंत्रें धाडणाऱ्याच्या अंकावरून त्याचें नांव विचारतात. ती पीटीआर नोंद नसेल तर दारांतूनच परत पाठवितात.

पांचवें, जुनी आठवण. मिळालेलें उत्तर यंत्रें ठराविक काळ जपून ठेवितात. तो काळ ८६४०० सेकंद असेल, तर पत्ता बदलल्यावरहि पुरा एक दिवस कांहीं पत्रें जुन्या घरीं जातील. म्हणून बदलाच्या आदल्या दिवसापूर्वींच हा काळ ३०० सेकंदांवर आणावा, आणि जुनें यंत्र लगेच बंद करूं नये.

एका वेळीं एकच गोष्ट बदलावी व पुन्हा विचारून पाहावें. पांच गोष्टी एकदम बदलणाऱ्यास पत्र गेलें तरी तें कशानें गेलें हें कळत नाहीं, आणि पुढच्या खेपेस तो पुन्हा तितकाच अडाणी राहतो.