स्वप्न, सत्त्वावजय आणि अंतर्मनाचे मानसशास्त्र : वैद्यांसाठी अभ्यासाच्या वाटा

कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या मलकापूर येथील चिकित्सालयात एक शेतकरी रुग्ण आला. (ओळख पटेल असा सर्व तपशील येथे गाळला आहे.) तक्रार अम्लपित्त व अनिद्रेची होती. सूतशेखर, अविपत्तिकर, रात्री ब्राह्मी असा योग तीन वेळा दिला. आठ दिवस बरे वाटे आणि पुन्हा मूळपद. औषधी दुकानातूनही त्याने झोपेचे चूर्ण दोनदा नेल्याचे नंतर कळले. चौथ्या खेपेस आम्ही त्याला नेहमीच्या प्रश्नांपलीकडचा एक प्रश्न विचारला : "झोप लागते तेव्हा स्वप्न काय पडते?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "रिकामं खळं दिसते, अन् गेलेला बाप तिथून हाक मारते." त्या एका वाक्यामागून कर्ज, मुलीचे ठरलेले लग्न आणि जगू नये असा विचार, हे सर्व बाहेर आले.

त्याच दिवशी घरच्यांना बोलावून, रुग्णास एकटे न ठेवण्याची व घरातील फवारणीचे औषध हलविण्याची सूचना देऊन, आम्ही त्यास बुलढाणा येथील जिल्हा रुग्णालयात पाठविले. आज तो शेती करतो आहे. परंतु पहिल्या तीन भेटींत आम्ही जिव्हा पाहिली, नाडी पाहिली, मन पाहिले नाही, ही खंत राहिलीच. प्रस्तुत लेखाचा प्रपंच त्यासाठीच आहे.

आपल्या संहितांत काय आहे?

चरकाचार्यांनी इंद्रियस्थानाच्या पाचव्या अध्यायात स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत : दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. मनोवह स्रोतसे प्रबळ दोषांनी पूर्ण झाली असता दारुण स्वप्ने पडतात, अशी संप्राप्तीही तेथे आहे. यांपैकी पहिले पाच प्रकार निष्फळ मानले आहेत, कारण आचार्यांचा प्रश्न साध्यासाध्यतेचा, म्हणजे अरिष्टज्ञानाचा होता. वाग्भटांनीही अष्टांगहृदयाच्या शारीरस्थानात, सहाव्या अध्यायात, हा विषय घेतला आहे.

व्हिएन्नाचे डॉ. सिग्मंड फ्रॉइड यांचा स्वप्नमीमांसेवरील ग्रंथ 1900 या सालाचा. त्यांनी नेमके हे 'निष्फळ' प्रकारच हाती घेतले. स्वप्न पुढे काय घडणार हे सांगत नसले, तरी रुग्णाच्या मनात काय दडले आहे ते सांगते, असा त्यांचा सिद्धांत. 'प्रार्थित' स्वप्न व फ्रॉइड यांची इच्छापूर्ती यांत साम्य दिसते, परंतु दोन्ही एकच आहेत असे म्हणणे घाईचे होईल. प्रार्थित म्हणजे ज्याची इच्छा रुग्णास ठाऊक आहे ते. फ्रॉइड यांना अभिप्रेत असलेली इच्छा रुग्णापासूनच लपलेली असते. 'हे सर्व आपल्याकडे आधीच होते' या समाधानाने अभ्यास थांबतो, म्हणून हा भेद ध्यानी ठेवावा.

दुसरा मुद्दा वेगांचा. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात मल-मूत्रादी वेग धारण करू नयेत, परंतु लोभ, शोक, भय, क्रोध इत्यादी मनोवेग धारण करावेत, असा उपदेश आहे. मनोविश्लेषण तर भावनांचे दमन हे रोगाचे कारण मानते. हा विरोध वरवरचा आहे. धारण हे जाणतेपणी, धृतीच्या बळाने होते. दमन नेणिवेत होते आणि रुग्णास त्याचा पत्ताही नसतो. आमच्या रुग्णाने शोक धारण केला नव्हता; तो शोक त्याच्या हातून निसटून स्वप्नात शिरला होता.

तिसरा मुद्दा चिकित्सेचा. दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय व सत्त्वावजय या त्रिविध चिकित्सेपैकी सत्त्वावजय म्हणजे अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह. मनोविश्लेषण याच्या उलट, टाळलेल्या विषयाकडे मनास हळूहळू नेते. परंतु मानसदोषांच्या उपायांत ज्ञान, विज्ञान, धैर्य व समाधी यांच्या जोडीला स्मृतीही सांगितली आहे, आणि प्रज्ञापराधाच्या विवेचनात स्मृतिभ्रंश आहे. विसरलेले आठवणे हाही उपचाराचा भाग आहे, येथे दोन्ही शास्त्रे भेटतात.

भारतातील परंपरा आणि अलीकडील घडामोडी

हे शास्त्र आपल्या देशास नवे नाही. कलकत्त्याचे डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी 1922 साली भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. फ्रॉइड यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार होता, आणि परस्परविरोधी इच्छांचा स्वतंत्र सिद्धांत मांडून त्यांनी फ्रॉइड यांच्याशी मतभेदही नोंदविला. 2022 साली या संस्थेस शंभर वर्षे पूर्ण झाली. स्वित्झर्लंडचे डॉ. कार्ल युंग हे भारतीय विज्ञान परिषदेच्या रौप्यमहोत्सवी अधिवेशनानिमित्त 1937 च्या डिसेंबरात भारतात आले होते. त्यांची खाजगी टिपणे असलेला 'रेड बुक' हा ग्रंथ 2009 मध्ये व 'ब्लॅक बुक्स' हे सात खंड 2020 मध्ये प्रकाशित झाले. दोन्हींचे संपादन भारतीय वंशाचे सोनू शामदासानी यांनी केले. फ्रॉइड यांच्या समग्र मानसशास्त्रीय लेखनाची 24 खंडांची सुधारित इंग्रजी आवृत्ती 2024 मध्ये आली.

त्याच वर्षी सुधीर कक्कर यांचे निधन झाले. वैद्यांनी त्यांचे एक तरी पुस्तक वाचावेच. 1982 च्या 'शमन्स, मिस्टिक्स अँड डॉक्टर्स' या ग्रंथात त्यांनी दर्गा, राजस्थानातील बालाजीचे मंदिर, तांत्रिक आणि आयुर्वेद, या सर्वांकडे मनोविश्लेषकाच्या दृष्टीने, परंतु आदराने पाहिले आहे. आपल्या जिल्ह्यात पिंपळगाव सराई येथे सैलानीबाबांच्या दर्ग्यावर मनोरुग्णांना घेऊन दूरदूरची कुटुंबे येतात. त्यांतील अनेक आपल्या दारावरूनही जातात. श्रद्धेची टिंगल न करता उपचार कसा जोडावा, हे या ग्रंथातून शिकता येते. रुग्णास साखळीने बांधणे मात्र मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 अन्वये निषिद्ध आहे, हे कुटुंबास स्पष्ट सांगावे.

शिक्षणाच्या संधी

१. पदव्युत्तर शिक्षण : 'मनोविज्ञान एवं मानसरोग' या विषयातील आयुर्वेद पदव्युत्तर पदवीधारकास वरील कायद्याने मानसिक आरोग्य व्यावसायिक म्हणून मान्यता दिली आहे. केरळमधील कोट्टक्कल हे या विषयाचे महत्त्वाचे केंद्र आहे. ज्यांची मुले आयुर्वेद शिकत आहेत त्यांनी याचा अवश्य विचार करावा.

२. मनोविश्लेषणाचे प्रशिक्षण : यास तीन अंगे आहेत : स्वतःचे विश्लेषण करवून घेणे, सैद्धांतिक वर्ग आणि ज्येष्ठांच्या देखरेखीखाली रुग्णोपचार. हे अनेक वर्षांचे काम आहे. दोन दिवसांच्या शिबिरात 'विश्लेषक' करून देणाऱ्या जाहिरातींपासून सावध राहावे.

३. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम : जिल्हा रुग्णालयातील या पथकाशी परिचय करून घ्यावा. रुग्ण पाठविणे व त्याची पुढील हकीकत विचारणे, हेच उत्तम शिक्षण आहे.

४. स्थानिक अभ्यासमंडळ : मलकापूर, नांदुरा व मोताळा येथील सभासदांनी दरमहा एकदा जमावे. पहिल्या बैठकीस चरक इंद्रियस्थान 5, दुसऱ्या बैठकीस सूत्रस्थान 7 व 11, तिसऱ्या बैठकीस उन्मादनिदान, आणि त्यानंतर फ्रॉइड व कक्कर, असा क्रम आम्ही सुचवितो.

चिकित्सक व औषधी दुकानदार यांनी पाळावयाची मर्यादा

बुलढाणा हा विदर्भातील शेतकरी-आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांपैकी एक आहे. म्हणून स्वप्न विचारावे, ऐकावे, परंतु त्याचा अर्थ रुग्णास सांगू नये. अप्रशिक्षित अर्थकथन अपाय करते. जगण्याविषयी निराशेचे बोल आल्यास 'मरणाचे विचार येतात काय?' असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार बळावत नाही. रुग्णास बहुधा हलके वाटते. होकार आल्यास त्यास एकटे सोडू नये व त्वरित रुग्णालयात पाठवावे. 2022 पासून सुरू असलेली 'टेलिमानस' ही शासकीय दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य उपलब्ध आहे. हा क्रमांक दुकानाच्या दर्शनी भागी लावावा. झोपेचे औषध वारंवार मागणाऱ्या ग्राहकास दुकानदाराने वैद्याकडे पाठवावे. सर्पगंधेचा उन्मादातील उपयोग 1931 साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी प्रसिद्ध केला हे आपणांस भूषणावह आहे. परंतु तिच्यातील रिसर्पिन विषादग्रस्तास देऊ नये असा इशारा आहे, म्हणून केवळ अनिद्रेच्या तक्रारीवर ती हातविक्रीने देऊ नये. चालू असलेली मनोविकारतज्ज्ञांची औषधे एकाएकी बंद करवू नयेत.

स्वाध्याय

१. धारण व दमन यांतील भेद स्वतःच्या एका रुग्णाच्या आधारे लिहा.
२. गेल्या वर्षातील अनिद्रेचे दहा रुग्णपत्रक काढा. त्यांपैकी किती जणांना आपण मनाविषयी एक तरी प्रश्न विचारला होता?

दुसऱ्या प्रश्नाचे आमचे स्वतःचे उत्तर समाधानकारक नव्हते. सभासदांचे अधिक चांगले असावे, अशी आशा करून हा पाठ येथे पूर्ण करतो.