लीळा आणि सांगणाऱ्याचे नाव

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या लीळा पंडित म्हाइंभटांनी प्रत्यक्ष पाहणाऱ्यांना पुसून, श्रीनागदेवाचार्यांच्या साह्याने ऋद्धिपुरी संकलित केल्या. स्मरण भिन्न पडले तेथे पोथ्यांनी वासनाभेद सांगणाऱ्याच्या नावासह जपला. पुढे सकळ लिपी आली. ती जाणणाऱ्यापाशी गेल्यावाचून वाचन होत नसे. मुद्रणाने ती अडचण सरली, आणि ते इष्टच झाले.

आता उमरग्यासारख्या गावीही भ्रमणध्वनीवर ‘लीळा’ येते, निनावी. आणि वाचणारा ती तत्काळ पुढे धाडतो. लिपीची गुप्तता गेली याचा शोक नको, पृच्छा गेली याचा करावा. कल्पित लीळेने साधकाच्या चित्तात विकल्प उपजला, तर धाडणाराही त्याला निमित्त होतो. वासनिकाच्या घरी पोथी असेल तर पडताळणे अल्प श्रमाचे आहे. नसेल तर पाठविणाऱ्यास पोथीचे नाव तरी पुसता येते.