इंग्रजी क्रियापदांची रूपे आणि मराठी मुलांच्या चुका

इयत्ता पाचवीच्या वहीत ‘ही डिड नॉट वेन्ट टु स्कूल’ असे वाक्य आढळले की शिक्षक ‘वेन्ट’वर तांबडी रेघ ओढतात, वर ‘गो’ लिहितात आणि पुढील वही हाती घेतात. आठवड्याने त्याच मुलाच्या वहीत तेच वाक्य पुन्हा येते. मुलगा मंद आहे, किंवा त्याचे लक्ष नाही, असा निष्कर्ष मग सहज काढला जातो. दोन-चार वेळा असे झाले म्हणजे मुलगाही तो खरा मानू लागतो व इंग्रजीच्या तासाला तोंड उघडीनासा होतो. वस्तुतः हे वाक्य लिहिणारा मुलगा व्याकरण मोडीत नसतो. तो मराठीचे व्याकरण निष्ठेने पाळीत असतो. फक्त ते त्याने इंग्रजीत पाळलेले असते. चूक कोणत्या वाटेने आली हे शिक्षकास ठाऊक नसेल तर तांबड्या शाईने तिचा बंदोबस्त होत नाही.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी विषय पहिलीपासून शिकविला जातो. पहिल्या इयत्तांत मूल नामे, आज्ञा व बालगीते यांवर निभावून नेते. स्वतःचे वाक्य रचण्याची वेळ आली म्हणजे क्रियापद आडवे येते, आणि तेथूनच पुढील अडचणींना प्रारंभ होतो.

प्रथम एका अशा चुकीचा विचार करू, जिच्याकडे व्याकरणाच्या पुस्तकांत क्वचितच लक्ष दिलेले असते. मुले लिहितात, ‘माय फादर आर अ फार्मर’, ‘माय टीचर टीच इंग्लिश’. वचनाचा नियम पाठ असूनही ही वाक्ये येतात. याचे कारण मुलाच्या घरच्या संस्कारात आहे. ‘माझे वडील शेतकरी आहेत’, ‘बाई इंग्रजी शिकवतात’ असेच तो बोलतो. वडिलांविषयी ‘जातो’, ‘करतो’ असे म्हटल्यास त्याला घरी कानपिचक्या मिळतील. मराठीतील आदरार्थी बहुवचन त्याच्या जिभेवर इतके बसलेले असते की ‘माय फादर गोज’ म्हणताना आपण वडिलांना अरेतुरे करीत आहोत असे त्याला अस्पष्टपणे वाटावे, यात नवल नाही. अशा मुलास ‘एकवचन, एकवचन’ म्हणून दटावणे निष्फळ होय. त्याला स्पष्ट सांगावे की इंग्रजीत क्रियापदाने आदर दाखविण्याची सोयच नाही. वडील असोत, गुरुजी असोत, राष्ट्रपती असोत, व्यक्ती एक असेल तर ‘गोज’ आणि ‘इज’. इंग्रज माणूस आदर दाखवितो तो संबोधनाच्या शब्दांनी आणि बोलण्याच्या सुराने. एवढे स्पष्टीकरण केल्यावर मुलाच्या मनातील संकोच जातो व नियम पटू लागतो. शिक्षकांनी या चुकीबद्दल रागावू नये हे तर खरेच. किंबहुना ज्या मुलाकडून ती होते त्याला घरी बोलण्याचे चांगले वळण लागले आहे, असेच म्हणावे लागेल.

आता ‘गोज’मधील त्या एकुलत्या एक प्रत्ययाकडे वळू. मराठीत ‘मी जातो, तू जातोस, ती जाते, ते जातात’ असा रूपांचा मोठा परिवार आहे. लिंग, वचन, पुरुष या सर्वांची खूण क्रियापद बाळगते. इंग्रजीचाही परिवार एके काळी मोठा होता; प्रत्येक पुरुषाला निराळा प्रत्यय होता. तृतीय पुरुषी एकवचनाचा जुना प्रत्यय ‘एथ’ असा होता. १६११ साली छापलेल्या इंग्रजी बायबलात सर्वत्र तोच दिसतो, तर त्याच काळातील शेक्सपिअरच्या नाटकांत तो आणि उत्तर इंग्लंडच्या बोलीतून आलेला ‘एस’ असे दोन्ही नांदतात. पुढे ‘एस’ टिकला व बाकीचे प्रत्यय गळून पडले. याचा परिणाम असा की ‘आय गो, यू गो, वुई गो, दे गो’ ही वाक्ये ओळीने घोकणारा मुलगा इंग्रजी क्रियापद बदलतच नाही असे ठरवून मोकळा होतो, आणि ‘ही’पाशी अडखळतो. म्हणून तक्त्याचा आरंभ ‘आय’ने करण्याची रूढी सोडून देणे इष्ट. आरंभ ‘ही’, ‘शी’ व ‘इट’ यांनी करावा. गावातील मुलाला सांगण्यासारखे जे असते ते बहुधा दुसऱ्याविषयीच असते : आई विहिरीवर जाते, बैल कडबा खातो, एस. टी. सात वाजता येते. ‘द बुल ईट्स’, ‘द बस कम्स’ अशी वाक्ये भरपूर झाली की ‘ही-शी-इट’ हा नियम केवळ त्या तीन शब्दांपुरता नाही, हेही आपोआप ध्यानी येते.

नकारार्थी वाक्यात मात्र मराठी हीच शिक्षकाची उत्तम सहायक ठरते. फळ्याच्या एका बाजूस लिहावे : ‘तू जातोस’, आणि त्याखाली ‘तू जात नाहीस’. मुलांना विचारावे, ‘जातोस’मधला ‘स’ कोठे गेला? एखादी चुणचुणीत मुलगी लगेच सांगेल की तो ‘नाही’ला जाऊन चिकटला. तसेच ‘ते जातात’चा अखेरचा ‘त’ ‘ते जात नाहीत’मध्ये ‘नाही’ने घेतला. मग दुसऱ्या बाजूस लिहावे : ‘ही गोज’, ‘ही डज नॉट गो’. येथेही ‘गो’ची खूण उठून ‘डू’वर जाऊन बसली आणि ‘गो’ मोकळे झाले. खूण एकदाच लागते, दोनदा नाही. ‘ही डज नॉट गोज’ असे म्हणणाऱ्या मुलाला ‘तू जातोस नाहीस’ असे म्हणून दाखवावे; सारा वर्ग हसेल, तोही हसेल, आणि हा नियम त्याच्या स्मरणात राहील.

भूतकाळात हे साम्य अर्ध्यावर तुटते. लेखारंभी दिलेली चूक येथलीच आहे. ‘तू गेलास’ याचा नकार ‘तू गेला नाहीस’ असा होतो. पुरुषाची खूण ‘स’ नेहमीप्रमाणे ‘नाही’कडे गेली, परंतु भूतकाळ मात्र ‘गेला’मध्येच राहिला. इंग्रजीत तसे होत नाही. तेथे ‘डिड’ काळही उचलून घेतो आणि मागे नुसता धातू ठेवतो : ‘ही डिड नॉट गो’. मराठी मुलाला ‘गो’पाशी भूतकाळ नसणे चुकल्याचुकल्यासारखे वाटते, म्हणून तो ‘वेन्ट’ परत आणून बसवितो. प्रश्नातही हेच घडते. ‘तो गेला का?’ यात ‘का’ने क्रियापदास धक्का लावलेला नाही, म्हणून ‘डिड ही वेन्ट?’ उपाय एकच : ‘डिड’ दिसला की भूतकाळ त्याच्या खिशात गेला असे समजावे, व होकारार्थी वाक्याचा नकार आणि प्रश्न करण्याचा तोंडी सराव रोज पाच मिनिटे घ्यावा. ‘ही वेन्ट. ही डिड नॉट गो. डिड ही गो?’ ही तीन वाक्ये एका दमात यावीत. असा सराव लेखी करून घेण्यात फारसा अर्थ नाही.

मराठी क्रियापद कित्येकदा कर्त्याकडे न पाहता कर्माकडे पाहते, हे शिक्षकांना प्रयोगप्रकरणावरून माहीत आहेच. ‘सीतेने आंबा खाल्ला आहे’, पण ‘सीतेने आंबे खाल्ले आहेत’. म्हणून एखादी मुलगी ‘सीता हॅव ईटन मँगोज’ असे लिहिते, तेव्हा तिने ‘हॅव’ आंब्यांसाठी लावलेले असते. इंग्रजी क्रियापद कर्त्याखेरीज कोणाचेही ऐकत नाही, एवढे येथे सांगावे.

काळाच्या बाबतीतही दोन्ही भाषांचे मार्ग निराळे आहेत. ‘मी काल पत्र लिहिले आहे’ हे मराठीत चालते. इंग्रजीत ‘यस्टर्डे’ आले की ‘हॅव रिटन’ चालत नाही, ‘रोट’च हवे. आईने हाक मारली की मूल ‘आलो!’ म्हणते, वास्तविक ते अजून जागचे हललेलेही नसते. त्याच्या जागी ‘आय केम’ म्हटल्यास इंग्रजाला वाटेल की हा येऊन पोहोचला. तेथे ‘आय ॲम कमिंग’ असे म्हणावे लागते. ‘मला माहीत आहे’ यातील ‘आहे’मुळे ‘आय ॲम नोइंग’ येते, तेही टाळावे. हे भेद व्याख्यांनी समजत नाहीत. त्यासाठी वर्गाचे दार पुरेसे आहे. एका मुलाने दार उघडावे. तो उघडत असता वर्गाने म्हणावे, ‘ही इज ओपनिंग द डोअर’. उघडून झाल्यावर, ‘ही हॅज ओपन्ड द डोअर’. दुसऱ्या दिवशी, ‘ही ओपन्ड द डोअर यस्टर्डे’. आणि शाळा उघडण्याची पाळी ज्या मुलाकडे असेल त्याच्याविषयी, ‘ही ओपन्स द डोअर एव्हरी मॉर्निंग’.

अनियमित क्रियापदांची यादी पाठ करून घेण्याची पद्धत अद्याप रूढ आहे. इंग्रजीत अशी क्रियापदे सुमारे २०० आहेत. त्यांपैकी पन्नास-साठ आली तरी प्राथमिक शाळेचे काम भागते. मुलगा ‘गोएड’ म्हणाला तर त्याला ‘ईडी’चा नियम समजला आहे, हे आधी ओळखावे. लहान मूल ‘केला’ऐवजी ‘करला’ म्हणते, त्यातलाच हा प्रकार. मराठीतही ‘जा’चा भूतकाळ ‘जाला’ होत नाही. ‘जाणे’ संस्कृत ‘या’ धातूपासून आले, तर ‘गेला’ ‘गम्’पासून. ‘वेन्ट’ही मुळात ‘गो’चे नव्हे, ‘वेन्ड’ या दुसऱ्याच क्रियापदाचे रूप आहे. दोन्ही भाषांत एकाच अर्थाच्या क्रियापदाने परक्याचे रूप उसने घेतले, हे सांगितल्यास मुलांना गंमत वाटते.

ही क्रियापदे वर्णानुक्रमे न देता घराण्यांनी द्यावीत. सिंग–सँग–संग, ड्रिंक–ड्रँक–ड्रंक, स्विम–स्वॅम–स्वम हे एक घराणे. कट, पुट, शट, हिट ही न बदलणारी. थिंक–थॉट, बाय–बॉट, टीच–टॉट, कॅच–कॉट हे तिसरे. आणि ‘ब्रिंग’ हा शब्द दिसायला ‘सिंग’सारखा असला तरी तो याच तिसऱ्या घरात राहतो, हे बजावून सांगावे, नाही तर ‘ब्रँग’ ठरलेले. ‘रीड’चे स्पेलिंग भूतकाळात बदलत नाही, उच्चार मात्र ‘रेड’ होतो.

‘ईडी’च्या उच्चाराकडे बहुतेक शाळांत दुर्लक्ष होते. ‘वॉकेड’, ‘वॉशेड’ असे ऐकू येते. मराठी व्याकरणातील कठोर व मृदू वर्णांची विभागणी येथे उपयोगी पडते. धातूच्या अखेरीस ट किंवा ड यांचा ध्वनी असेल तरच ‘इड’ हा स्वतंत्र अवयव उच्चारावा : वॉन्टिड, नीडिड. अन्य कठोर ध्वनी असेल तर ‘ट’ : वॉक्ट, हेल्प्ट, वॉश्ट. बाकी सर्वत्र ‘ड’ : प्लेड, ओपन्ड. लिहिताना मात्र सर्वत्र ‘ईडी’च.

वह्या तपासण्याविषयी एक सूचना. एकाच निबंधात दहा प्रकारच्या चुकांना खुणा केल्याने मुलाला आपण काय सुधारावे हेच उमगत नाही. महिनाभर केवळ तृतीय पुरुषी ‘एस’ तपासावा. बाकीच्या चुका शिक्षकाने स्वतःच्या टाचणवहीत टिपून ठेवाव्यात आणि पुढील महिन्याचा सराव त्यांवरून आखावा. पुढील महिन्यात ‘डिड’ घ्यावा. ‘माय फादर आर’ असे आढळल्यास रेघ न ओढता समासात ‘वडील किती?’ एवढेच लिहावे. उत्तर मुलगा स्वतःच दुरुस्त करून आणील.