पाण्यावरची वाट

आपल्या मोखाड्यातून वैतरणा वाहते. जव्हारकडची पिंजाळ पुढे तिलाच मिळते. डोंगरात ही नदी खडकांतून उड्या मारते. समुद्राजवळ मात्र तिची रुंद खाडी होते. खाडीच्या एका काठाला विरारकडचा मारंबळपाडा, दुसऱ्या काठाला सफाळ्याकडचे जलसार. रस्त्याने गेलो तर सुमारे ६० किलोमीटरचा वळसा पडतो. पाण्यावरून अंतर जेमतेम दीड किलोमीटर! एप्रिल २०२५ मध्ये येथे फेरीबोट सुरू झाली. तिच्यात माणसे बसतात, मोटारीही चढतात. पंधरा मिनिटांत पैलतीर.

म्हणजे पाणी वाट अडवते, तसे वाट देतेही. मुंबईत हे रोज दिसते.

मुंबईची लाँच

पालघरहून चर्चगेटला लोकल जाते. तिथून पुढे समुद्राकाठी गेटवे ऑफ इंडिया ही मोठी कमान आहे. ती १९२४ साली पुरी झाली. कमानीजवळ लाँच लागतात. लाँच म्हणजे इंजिनाची मोठी होडी. काही लाँच अलिबागजवळच्या मांडव्याला जातात, काही घारापुरीला. भाऊच्या धक्क्यावरून रेवस आणि उरणच्या मोरा बंदराला जाता येते. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य नावाच्या गृहस्थांना लोक 'भाऊ' म्हणत. त्यांनी धक्का बांधला, म्हणून तो भाऊचा धक्का. २०२० पासून तेथून मांडव्याला मोटारी नेणारी मोठी बोटही सुटू लागली.

कुणी कामाला जाते, कुणी बाजाराला, कुणी नुसते बघायला. लाँच सुटली की कमान हळूहळू लहान होत जाते. आरमाराच्या करड्या बोटी दिसतात. हिवाळ्यात दूरच्या थंड मुलखातून आलेले पांढरे पक्षी लाँचमागे उडत येतात. वाटेत जवाहर द्वीप लागते. तेथे मोठमोठी जहाजे तेल उतरवतात. लांबवर अटल सेतू दिसतो. समुद्रावरचा हा पूल जवळजवळ २२ किलोमीटर लांब आहे. तो २०२४ साली खुला झाला.

तासाभरात घारापुरी येते. तेथे डोंगरात कोरलेली लेणी आहेत. त्यांत शिवाची तीन मुखांची सुमारे २० फूट उंच मूर्ती आहे. सोमवारी लेणी बंद असतात, हे ध्यानात ठेवा. या बेटावर माणसांची वस्तीही आहे. तिथल्या घरांत समुद्राखालून तार टाकून वीज पोचली, ती २०१८ साली! शेजारी मुंबई झगमगत होती, पण बेटावरचे लोक इतकी वर्षे वाट पाहत होते. आपल्या पाड्यांना हे दुःख सांगायला नको.

पाण्याशी खेळ नको

आता नीट लक्ष द्या. १७ जुलै १९४७ रोजी, ऐन पावसाळ्यात, 'रामदास' नावाची बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. वाटेत मोठी लाट आली. घाबरलेले लोक एका बाजूला धावले. कावडीची एक बाजू जड झाली तर काय होते? तेच झाले. बोट कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. रेवसच्या कोळी बांधवांनी आपल्या होड्यांतून काहींचे प्राण वाचवले.

दुसरी गोष्ट अलीकडची. १८ डिसेंबर २०२४ रोजी 'नीलकमल' नावाची लाँच गेटवेहून घारापुरीला चालली होती. आरमाराची एक वेगवान बोट ताबा सुटून तिच्यावर आदळली. १५ माणसे गेली. लाँचवर शंभराहून जास्त लोक होते. पुष्कळांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. त्यानंतर जॅकेट घालण्याची सक्ती झाली.

हे जॅकेट काय करते? पोहायला शिकताना आपण पाठीला सुका भोपळा बांधतो. भोपळा हलका, म्हणून तो आपल्याला वर धरतो. जॅकेटही तसेच. पण ते अंगावर हवे, बाकाखाली असून काय उपयोग? पट्टे घट्ट आवळा. लेकरांना त्यांच्या मापाचे मागून घ्या. मागायची लाज नको. तिकीट काढले आहे, आपला तो हक्क आहे.

आणखी चार गोष्टी पाळा.

१. लाँचमध्ये किती माणसे घ्यायची, तो आकडा ठरलेला असतो. पाटी दिसली तर वाचा, नाही तर खलाशाला विचारा. गर्दी जास्त वाटली तर चढू नका. पुढची लाँच येईल.
२. चढता-उतरता घाई करू नका. ओहोटीला धक्क्याच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या होतात.
३. लाट आली तरी जागेवर बसून राहा. सगळ्यांनी एका बाजूला जाऊ नये.
४. गाडी लागते तशी कुणाला बोट लागते. अशा माणसाने वाऱ्याला बसावे, लांब किनाऱ्याकडे नजर ठेवावी.

पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच बंद असतात. कुणी 'मी नेतो' म्हणाले तरी जाऊ नका.

पूर्वी आपण 'दादा, काय लिहिलंय?' असे विचारत होतो. आता पाटीवरचा आकडा आपला आपल्याला वाचता येतो. शिकलेली अक्षरे अशा ठिकाणी जीव वाचवतात.

शब्दांचे अर्थ
पैलतीर – पलीकडचा काठ
खलाशी – बोटीवर काम करणारा
कलंडणे – एका बाजूला उलटणे

प्रश्न
१. 'रामदास' बोट का कलंडली?
२. लाइफ जॅकेट बाकाखाली ठेवून का चालत नाही?
३. लाँचमध्ये ८० माणसांची परवानगी आहे. ९३ बसली. किती जास्त झाली? आपण काय कराल?