ठिबकच्या नियंत्रकासाठी वायफायचा योग्य चॅनेल

पॉलिहाऊसमधील ठिबकचा नियंत्रक वायफायवर चालत असेल, तर संपर्क तुटल्यास पाण्याची पाळी चुकू शकते. नवा राऊटर घेण्यापूर्वी आसपासच्या नेटवर्कची गर्दी तपासावी. लिनक्सवर पुढील साधने मोफत मिळतात.

१. एनएमसीएलआय : टर्मिनलमध्ये इंग्रजी लहान अक्षरांत 'एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय लिस्ट' अशी आज्ञा द्यावी. प्रत्येक नेटवर्कचे नाव, चॅनेल व ० ते १०० या मापात सिग्नल दिसतो.

२. लिनएसएसआयडी : हीच माहिती आलेखात दाखवते.

३. वेव्हमॉन : जोडलेल्या नेटवर्कचा सिग्नल डीबीएममध्ये दाखवते. उणे ५० चांगला, उणे ८० कमजोर समजावा.

चॅनेलची निवड : २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात लगतच्या चॅनेलमध्ये ५ मेगाहर्ट्झ अंतर असते. मात्र प्रत्येक नेटवर्क सुमारे २० मेगाहर्ट्झ जागा व्यापते. दाट लागवडीत फांद्या एकमेकींत शिरतात, तसेच येथे होते. म्हणून १, ६ व ११ पैकी कमी गर्दीचा चॅनेल राऊटरमध्ये ठरवून द्यावा.

महत्त्वाचे : तपासणी नियंत्रकाजवळ लॅपटॉप नेऊनच करावी. घरातील नोंद पॉलिहाऊसला लागू पडत नाही.