आंतल्या खोलीचें दार

प्रथम मत्तयकृत शुभवर्तमान, अध्याय ६, वचनें ५ ते ८ हा भाग वाचावा. ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांनीं तो दुसऱ्याकडून वाचून घ्यावा.

प्रार्थना लोकांच्या डोळ्यांसमोर मिरविण्यासाठीं नाहीं. ती दार लावून आंतल्या खोलींत पित्याजवळ करावयाची, असें प्रभु येथें शिकवितो. एका खेड्यांत हा धडा चालला असतां एका बहिणीनें आम्हांस विचारिलें, "पाळकसाहेब, आमचें घर एकाच खणाचें. माणसें सात, दाराशीं म्हैस. घरांत प्रभूला मानणारी मी एकटी. डोळे मिटले कीं सासूबाई हंसतात. मीं कोणत्या खोलींत जावें आणि कोणतें दार लावावें?"

आम्हांस तत्काळ उत्तर सुचलें नाहीं. आम्हांला खोली आहे, तिला दार आहे, मेजावर दिवा आहे. आणि तरीहि कित्येक सकाळीं तें दार लागलेलें असतें तें झोंपेसाठीं, हें येथें कबूल करणें बरें.

घरीं येऊन आम्ही तें वचन पुन्हा पाहिलें. मूळ ग्रीक भाषेंत तेथें जो शब्द आहे त्याचा अर्थ कोठी, म्हणजे धान्य वगैरे सांठविण्याची आंतली जागा, असाहि होतो. लूककृत शुभवर्तमान, अध्याय १२, वचन २४ यांत कोठीवांचून जगणाऱ्या कावळ्यांविषयीं बोलतांनाहि तोच शब्द आला आहे. तेव्हां प्रभु कांहीं श्रीमंताच्या दिवाणखान्याविषयीं बोलत नव्हता. पालेस्टाईनांतील गरिबांचीं घरेंहि पुष्कळदां एका खोलीचींच असत. लूक ११ मधील दृष्टांतांत मध्यरात्रीं भाकरी मागावयास आलेल्या मित्रासाठीं घरधनी उठावयास तयार नाहीं. कां, तर मुलें त्याच्याजवळच निजलीं आहेत! अशा लोकांस प्रभूनें कणग्या-रांजणांमधली अंधारी जागा दाखविली.

स्वतः त्याला कित्येकदां तेवढीहि मिळाली नाहीं. कफर्णहूमांत तो शिमोनाच्या घरीं असतां संध्याकाळीं सारें गांव दाराशीं लोटलें. मग तो पहांटे अंधार असतांच उठून रानांत गेला (मार्क १:३५). इसहाक सायंकाळीं ध्यान करावयास शेतांत गेला होता. नहेम्यानें तर राजानें प्रश्न विचारल्यावर, उत्तर देण्यापूर्वीं, उभ्या उभ्या देवाची प्रार्थना केली. ती किती शब्दांची असेल याचा वाचकांनींच विचार करावा.

हन्नेची गोष्ट मात्र आमच्या उपदेशक बंधूंनीं विशेष लक्षांत ठेवावी. शिलो येथें परमेश्वराच्या मंदिरांत ती आपलें दुःख सांगत होती. ओंठ हालत होते, पण आवाज येत नव्हता. एली याजक जवळच बसला होता, आणि त्याला वाटलें कीं ही मद्य प्याली आहे. याजकालाहि प्रार्थना ओळखतां आली नाहीं! आपणहि लांब आणि मोठ्या आवाजाची प्रार्थना तीच खरी असें धरून चालतों, आणि जिला चार शब्द जुळवितां येत नाहींत तिला प्रार्थनाच येत नाहीं असें म्हणून मोकळे होतों. एलीनें निदान चूक समजतांच तिला आशीर्वाद दिला.

आतां रोजच्या नेमाविषयीं. रविवारीं एक वचन पाठ करावें आणि आठवडाभर तेंच धरावें. खुरपतांना, पाण्याला जातांना, राखणीवर बसलें असतां तें मनांत घोळवावें. रात्रीं निजण्यापूर्वीं आज कोणाला काय बोललों हें देवापुढें आठवावें, आणि ज्याला दुखविलें त्याचें नांव घ्यावें. मध्येंच झोंप लागली तरी भिऊं नये. स्वतःचे शब्द सुचले नाहींत तर प्रभूनें शिकविलेली प्रार्थना आहेच. पण ती धांवत म्हणूं नये. रोजच्या भाकरीपाशीं थांबावें, आणि घरांत आज पीठ किती उरलें आहे तें पित्याला सांगावें.

पुढें महिन्यानें आम्ही त्या गांवीं गेलों तेव्हां ती बहीण म्हणाली कीं तिला कोठी सांपडली. पहांटे ती धार काढावयास बसते, आणि म्हैस पान्हवेपर्यंत तिला कोणी हांक मारीत नाहीं. तेवढा वेळ ती प्रभूशीं बोलते. सासूबाईंचें नांवहि घेते. तिला वाचतां येत नाहीं. म्हणून तिनें तेथल्या उपदेशकांस एवढीच विनंती केली आहे कीं, रविवारीं वचन दोनदां आणि सावकाश वाचावें.